पहिली लिपी आणि दुसरी लिपी : संगणकाच्या प्रारंभलेखांतील अक्षररूपांतराचा इतिहास

१. विषयप्रवेश

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात हिंजवडी हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेतीचे गाव एवढीच त्याची ओळख होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविले आणि पाहता पाहता संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची व त्या सांभाळणाऱ्यांची मोठी वसाहत तेथे उभी राहिली. या वसाहतीच्या कामाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. येथील अभियंता ज्या यंत्रांची देखभाल करतो ती पुष्कळदा त्याच्या समोर नसतात. ती दूरच्या देशांत, निरनिराळ्या मालकांच्या ताब्यात आणि निरनिराळ्या घडणींची असतात. एका यंत्रावर सोलॅरिस, दुसऱ्यावर एआयएक्स, तिसऱ्यावर लिनक्स. यास्तव जी आज्ञावली सर्व यंत्रांवर सारखीच चालेल तिला येथे विशेष मोल प्राप्त झाले.

यंत्र सुरू होताच, अथवा मनुष्याने त्यात प्रवेश करताच, जो आज्ञालेख प्रथम वाचला जातो त्यास व्यवहारात ‘स्टार्टअप स्क्रिप्ट’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यास ‘प्रारंभलेख’ असे म्हटले आहे. या प्रारंभलेखांत एक बारीकसा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. रोमन लिपीतील एखादा शब्द कॅपिटल अक्षरांतून स्मॉल अक्षरांत, किंवा उलट, कसा न्यावा? यंत्र आपले नाव सांगताना काही अक्षरे मोठी सांगते, काही लहान. मनुष्य ‘होय’ हे उत्तर कधी मोठ्या अक्षरांत लिहितो, कधी लहान. आणि आज्ञावलीला तर दोन्ही एकच मानावयाची असतात. वरवर पाहता हा प्रश्न इतका क्षुल्लक वाटतो की, त्यावर निबंध लिहिणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय, असे कोणी म्हणेल. तथापि या प्रश्नाची उत्तरे गेल्या पन्नास वर्षांत वारंवार बदलली, आणि त्यांतील प्रत्येक बदल लिपीच्या इतिहासातील कोणत्या ना कोणत्या जुन्या घटनेचा पडसाद होता. शिवाय, हे रूपांतर मराठी मजकुराच्या वाट्याला येते तेव्हा ते निरुपद्रवी राहत नाही. या दोन विधानांचे प्रतिपादन करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. एका अक्षराची दोन रूपे

रोमन लिपीला मुळात दोन रूपे नव्हती. रोममधील ट्रेजनच्या स्तंभावरील इ. स. ११३ चा लेख केवळ मोठ्या अक्षरांत कोरलेला आहे. लहान अक्षरांचा उगम दगडात नसून लेखणीत आहे. भरभर लिहिताना अक्षरे गोलावली, त्यांना वर-खाली शेपटे फुटली, आणि इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमानच्या राज्यातील मठांतून एक सुबक व एकसारखी लहान लिपी रूढ झाली. पंधराव्या शतकात इटलीतील विद्वानांनी या लहान लिपीची सांगड प्राचीन शिलालेखांतील मोठ्या अक्षरांशी घातली. मुद्रणकलेने ही सांगड कायम केली. छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत व लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवीत. त्यावरून इंग्रजीत या दोन रूपांना ‘वरच्या पेटीतील’ आणि ‘खालच्या पेटीतील’ अशी नावे पडली. म्हणजे संगणकशास्त्रातील ‘केस’ हा शब्द मूळचा जुळाऱ्याच्या लाकडी पेटीचा आहे.

आपल्याकडे याला समांतर अशी एक गोष्ट घडली, परंतु तिची परिणती वेगळी झाली. मराठीलाही दोन हात होते : संथपणे, सुटे व सुवाच्य लिहिण्याचा बाळबोध आणि लेखणी न उचलता भरभर लिहिण्याचा मोडी. पोथी बाळबोधीत, जमाखर्च व पत्रव्यवहार मोडीत, अशी त्यांची कामे वाटलेली होती. विल्यम केरीने श्रीरामपूर येथे १८१० मध्ये छापलेल्या मराठी कोशात मोडीचे खिळे वापरले. पुढे मात्र छापखान्याने बाळबोधीचाच स्वीकार केला आणि १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून व सरकारी व्यवहारातून मागे पडली. रोमन लिपीत शीघ्र हात आणि संथ हात हे एकाच शब्दात शेजारी नांदू लागले; मराठीत ते दोन स्वतंत्र लिप्या म्हणून राहिले, आणि एका शब्दाचे पहिले अक्षर बाळबोध व उरलेली मोडी असे लिहिण्याची प्रथा कधीच पडली नाही. देवनागरीला मोठे-लहान रूप नाही यात उणीव अशी काही नाही. दोन हातांच्या एकत्रीकरणाचा जो अपघात युरोपात घडला तो येथे घडला नाही, इतकेच.

मराठी शाळांतील एक जुना शब्दप्रयोग या दृष्टीने मार्मिक आहे. अनेक शाळांत इंग्रजी मुळाक्षरे ‘पहिली लिपी’, ‘दुसरी लिपी’, ‘तिसरी लिपी’ आणि ‘चौथी लिपी’ अशी शिकविली जात. छापील मोठी व लहान आणि वळणदार मोठी व लहान, अशा त्या चार. ज्या मुलाच्या मातृभाषेत एका अक्षराला एकच रूप आहे, त्याला ही चार रूपे चार निरनिराळ्या लिप्याच वाटावयाच्या. इंग्रज मुलाला जे एकाच अक्षराचे दोन वेष वाटतात, ते मराठी मुलाला दोन अक्षरे वाटतात. पुढे दिसून येईल की, संगणकाची समजूत या बाबतीत मराठी मुलाशी जुळणारी आहे.

३. यंत्रांची भर

१८७४ मध्ये विक्रीस आलेले पहिले रेमिंग्टन टंकलेखनयंत्र केवळ मोठी अक्षरे उमटवी. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात ‘शिफ्ट’ ही कळ आली आणि एकाच कळीवर मोठे व लहान अशी दोन्ही अक्षरे बसली. देवनागरी टंकलेखनयंत्राने हीच कळ घेतली, पण तिचा अर्थ पालटला. आपल्याला मोठे अक्षर नकोच होते. अक्षरांची, जोडाक्षरांची व चिन्हांची संख्या मात्र कळींना पुरून उरत होती. म्हणून शिफ्ट दाबताच त्याच कळीवरून वेगळे अक्षर निघे. पुढे संगणकासाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही कळरचना प्रमाण ठरली तेव्हा या भेदाला शास्त्रशुद्ध रूप आले : क च्या कळीवर शिफ्ट दाबले असता ख, त वर थ, प वर फ, आणि मात्रेच्या कळीवर शिफ्ट दाबले असता तिचा मूळ स्वर. जी कळ इंग्रजाला अक्षर मोठे करून देते, ती मराठी लेखकाला अल्पप्राणापासून महाप्राणाकडे नेते.

संगणकाच्या जगात दोन संकेतावलींनी या विषयाला आकार दिला. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ ही संकेतावली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या रूपात लहान अक्षरे नव्हतीच. १९६७ च्या सुधारणेत ती समाविष्ट झाली. तिची रचना मोठी चतुर आहे : मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७, आणि सर्व सव्वीस अक्षरांच्या बाबतीत हे अंतर ३२ च आहे. ३२ म्हणजे नेमका एक बिट. मोठ्याचे लहान करणे म्हणजे एक बिट चालू करणे, लहानाचे मोठे करणे म्हणजे तो बंद करणे. दुसरी संकेतावली आयबीएमने १९६४ मध्ये आपल्या ‘सिस्टम ३६०’ यंत्रांबरोबर आणलेली ‘एब्सिडिक’. तीत मोठ्या-लहानाचे अंतर ६४ असून, अक्षरे सलग नाहीत. ए ते आय, जे ते आर आणि एस ते झेड असे त्यांचे तीन तुटक गट आहेत. ‘ए पासून झेड पर्यंत’ हे शब्द आस्कीत बरोबर सव्वीस अक्षरे दाखवितात, एब्सिडिकमध्ये मधल्या खिंडारांतील परकी चिन्हेही त्यांत शिरतात. ‘ए ते झेड’ म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हापासूनच संदिग्ध झाला.

४. युनिक्स आणि ‘टीआर’ची दोन घराणी

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीस आरंभ केला. तिच्या कर्त्यांनी लहान अक्षरांचा अवलंब केला. आज्ञांची नावे लहान, फाइलींची नावे लहान. परंतु त्या काळची पुष्कळ टंकमुद्रक यंत्रे, उदाहरणार्थ ‘टेलिटाइप ३३’, केवळ मोठी अक्षरेच छापीत. यावर प्रणालीने तोडगा काढला. प्रवेश करणाऱ्याने आपले नाव सगळे मोठ्या अक्षरांत लिहिले, की त्याच्या यंत्राला लहान अक्षरे येत नाहीत असे प्रणाली गृहीत धरी आणि तेथून पुढे त्याचे प्रत्येक अक्षर आतल्या आत लहान करी. मनुष्याने उंबरठा ओलांडताच होणारे अक्षररूपांतर, हे आपल्या विषयाचे सर्वांत जुने रूप होय.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘टीआर’ ही आज्ञा युनिक्समध्ये आली. तिला दोन अक्षरमालिका द्यावयाच्या. पहिलीतील प्रत्येक अक्षराच्या जागी ती दुसरीतील त्याच क्रमांकाचे अक्षर ठेवते. कल्पना साधी, परंतु युनिक्सची दोन घराणी झाली तेव्हा या आज्ञेचेही दोन पाठ झाले. बर्कली विद्यापीठाच्या परंपरेत ‘ए-झेड’ असे मध्ये आडवी रेघ देऊन लिहिले म्हणजे सबंध मालिका समजली जाई. ‘सिस्टम पाच’च्या परंपरेत ती मालिका चौकटी कंसात घालणे आवश्यक होते, कंस नसतील तर आज्ञा केवळ तीन चिन्हे पाही : ए, आडवी रेघ आणि झेड.

याचा परिणाम आपल्याच गावाच्या नावावर पडताळून पाहता येतो. ‘हिंजवडी’ हे नाव लहान रोमन अक्षरांत एच, आय, एन, जे, ए, डब्ल्यू, ए, डी, आय असे नऊ अक्षरांत लिहिले आणि दुसऱ्या परंपरेच्या यंत्रावर कंसाविना रूपांतराची आज्ञा दिली, तर नऊपैकी केवळ दोन ‘ए’ मोठे होतात, बाकीची सात अक्षरे जशीच्या तशी राहतात. चूक झाली असा कोणताही संदेश यंत्र देत नाही. एकाच यंत्रावर दोन्ही पाठ नांदल्याचीही उदाहरणे आहेत. सोलॅरिसमध्ये ‘टीआर’च्या निरनिराळ्या प्रती निरनिराळ्या मार्गांवर ठेवलेल्या असत, आणि कोणती प्रत हाती येईल हे मार्गांच्या क्रमावर अवलंबून असे. पाठभेदांची चिकित्सा करणाऱ्या विद्यार्थ्यास ही स्थिती अपरिचित वाटू नये.

पाठभेदावर दोन उपाय निघाले. पहिला व्यवहारी होता : मालिका संक्षेपाने लिहूच नये, सव्वीसच्या सव्वीस लहान अक्षरे एका ओळीत आणि सव्वीस मोठी दुसऱ्या ओळीत लिहून काढावी. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑटोकॉन्फ’ या साधनाने तयार होणाऱ्या आज्ञालेखांत दोन्ही वर्णमाला अशाच संपूर्ण लिहिलेल्या आढळतात. दिसावयास हे बालिश वाटते, पण ते कोणत्याही घराण्याच्या यंत्रावर व कोणत्याही संकेतावलीत खरे ठरते. एब्सिडिकच्या तीन गटांत हिंजवडीची नऊ अक्षरे विखुरलेली असली (पहिल्या गटात सहा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक), तरी तेथेही. दुसरा उपाय शास्त्रीय होता. १९९२ च्या ‘पॉझिक्स’ प्रमाणग्रंथाने ‘लहान अक्षरांचा वर्ग’ व ‘मोठ्या अक्षरांचा वर्ग’ अशी नावे निश्चित केली. आता ए-झेड म्हणावयाचे नाही, ‘जी काही लहान अक्षरे असतील ती’ असे म्हणावयाचे. परंतु ‘जी काही असतील ती’ यातच पुढच्या अडचणीचे बीज होते. तिचा विचार सहाव्या विभागात केला आहे.

५. प्रारंभलेखाची विशेष अडचण

‘टीआर’ आहे, ‘सेड’ आहे, ‘ऑक’ आहे. मग प्रारंभलेखास वेगळी अडचण ती कोणती? अडचण अशी की, हा लेख वाचला जातो तेव्हा घर अजून उघडलेले नसते. अगदी आरंभीच्या युनिक्सची पहिली चकती भरली तेव्हा तिच्यात न मावणाऱ्या वस्तू ‘यूएसआर’ नावाच्या दुसऱ्या विभागात ठेवण्यात आल्या. जागेच्या टंचाईतून झालेली ही वाटणी पुढे चाळीस वर्षे रूढी म्हणून टिकली. ‘टीआर’ ही आज्ञा सामान्यतः या दुसऱ्या विभागात असते. आणि तो विभाग जोडणे हेच तर प्रारंभलेखाच्या कामांपैकी एक काम असते. म्हणजे कुलूप उघडावयाचे आहे, पण किल्ली आत ठेवलेली आहे.

यातून निरनिराळे मार्ग निघाले. डेबियन लिनक्समध्ये ‘सेड’ व ‘डीडी’ या आज्ञा मूळ विभागातच असत. ‘डीडी’चे मुख्य काम फितीवरील मजकुराची नक्कल करण्याचे, पण ती करताना अक्षरे मोठी किंवा लहान करण्याची तिच्यात सोय असल्याने काहींनी तिचा आश्रय घेतला. फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘सेड’ही दुसऱ्याच विभागात होती. म्हणून तिच्या प्रारंभलेखांच्या सामाईक संग्रहात अक्षरबदलाचे एक छोटेसे साधन केवळ शेलच्या स्वतःच्या सामर्थ्यावर रचलेले आहे, आणि ‘यूएसआर’ विभाग जोडलेला नसताना टीआर, सेड किंवा ऑक वापरता येत नाहीत हे त्याचे कारणही तेथे नमूद केले आहे.

सर्वांत शहाणपणाचा मार्ग मात्र याहून वेगळा आहे. २००० मध्ये नेटबीएसडीच्या १.५ या आवृत्तीबरोबर प्रारंभलेखांची नवी रचना आली व ती पुढे फ्रीबीएसडीनेही स्वीकारली. तीत ‘होय की नाही’ हे पाहताना उत्तराचे रूपांतर मुळीच केले जात नाही. शेलच्या ‘केस’ या विधानात पहिल्या जागी मोठा किंवा लहान वाय, दुसऱ्या जागी मोठा किंवा लहान ई, तिसऱ्या जागी मोठा किंवा लहान एस, असा साचा दिलेला आहे. उत्तर त्यात बसले की काम झाले. विधानाचे नाव आणि पेटीचे नाव एकच असावे हा योगायोग. परंतु तत्त्व महत्त्वाचे आहे. ओळखण्यासाठी बदलण्याची गरज नसते. पाहुण्याला ओळखण्यासाठी त्याचे कपडे बदलावे लागत नाहीत.

शेलमध्येच रूपांतराची सोय का केली नाही, असे कोणी विचारील. ती झाली, परंतु प्रत्येकाने आपापल्या परीने केली. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये ती नव्हती. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये एखादे चल सदैव मोठ्या किंवा लहान अक्षरांत राहील असे घोषित करता येते. २००९ मध्ये ‘बॅश’च्या चौथ्या आवृत्तीत चलाच्या नावापुढे टोपीचे चिन्ह दोनदा दिले की अक्षरे मोठी, स्वल्पविराम दोनदा दिला की लहान, अशी सुटसुटीत योजना आली. मात्र तोवर काळ पुढे गेला होता. उबुंटूने २००६ मध्ये आणि डेबियनने २०११ च्या आवृत्तीत, यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून, प्रारंभलेख वाचण्याचे काम बॅशकडून काढून ‘डॅश’ या लहानशा शेलकडे दिले होते. आणि डॅशला ती टोपी समजत नाही. अॅपलच्या यंत्रांवर परवान्याच्या कारणास्तव बॅशची आवृत्ती ३.२ च राहिली. त्यामुळे स्वतःच्या यंत्रावर नीट चाललेला लेख दुसऱ्याच्या यंत्रावर पहिल्याच पायरीवर अडखळतो, हा अनुभव सार्वत्रिक झाला. चलनाचे नवे नाणे सुबक असले, तरी ते पलीकडच्या बाजारात खपत नसेल तर प्रवाशाने जुनेच जवळ बाळगावे हे बरे.

पुढे विभागांची जुनी वाटणी मोडू लागली. फेडोराने २०१२ मध्ये दोन्ही विभाग एक केले. डेबियनच्या २०२३ च्या आवृत्तीत तेच एकमेव मान्य रूप ठरले. ‘सिस्टमडी’च्या प्रसारामुळे पुष्कळ यंत्रांवर आज्ञालेखांची जागा घोषणापत्रांनी घेतली. तथापि वापरकर्त्याचे प्रवेशलेख, आज्ञावली बसविण्याचे लेख आणि लहान उपकरणांतील लेख अद्याप शेलमध्येच लिहिले जातात, आणि त्यांच्यापुरता हा प्रश्न शिल्लक आहे.

६. ‘लोकेल’ आणि तुर्की ‘आय’

‘जी काही लहान अक्षरे असतील ती’ हे कोणी ठरवावयाचे? पॉझिक्सचे उत्तर असे की, यंत्राच्या ‘लोकेल’ने, म्हणजे त्या देशाच्या व भाषेच्या नियमसंचाने. तत्त्व न्याय्य आहे. पण त्याचा अर्थ असा झाला की, एकाच आज्ञेचे फळ देशपरत्वे बदलू लागले. काही नियमसंचांत वर्णक्रम लहान ए, मोठा ए, लहान बी, मोठा बी असा मिश्र असल्याने ‘ए ते झेड’ या पट्ट्यात मोठी अक्षरेही येऊन बसत.

याहून प्रसिद्ध उदाहरण तुर्कस्तानचे. १९२८ मध्ये तुर्की भाषेने रोमन वर्णमाला स्वीकारली, तेव्हा आपल्या दोन भिन्न स्वरांसाठी तिने टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय अशी दोन अक्षरे केली. टिंबाच्या लहान आयचे मोठे रूप टिंबासहितच असते. त्यामुळे तुर्की नियमांप्रमाणे हिंजवडीचे नाव मोठ्या लिपीत नेले तर त्यातील दोन्ही आय टिंब घेऊन येतात, आणि ते नाव इंग्रजी नियमाने मोठ्या केलेल्या नावाशी जुळत नाही. १९२८ च्या एका लिपिसुधारणेने विसाव्या शतकाच्या अखेरीस आज्ञावली अडाव्या, हे लिपिसुधारकांना स्वप्नातही दिसले नसेल. म्हणून जाणते लेखक प्रारंभलेखाच्या पहिल्याच ओळींत लोकेल ‘सी’ असे निश्चित करतात. ‘सी’ लोकेल कोणत्याही देशाचा नाही. त्यात अक्षर म्हणजे आस्कीतील अक्षर, दुसरे नाही.

७. मराठी मजकुराचे काय होते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. देवनागरीला दोन रूपे नाहीत, मग अक्षररूपांतराचा मराठीशी संबंध काय, अशी समजूत होणे साहजिक आहे. ही समजूत चुकीची आहे. संगणक अक्षर पाहत नाही, अंक पाहतो. आणि मराठीचे अंक कोणाच्या घरात पडले आहेत यावर त्यांचे भवितव्य ठरते.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरी आहे आणि तिची अक्षरे ‘रूपभेद नसलेली’ म्हणून नोंदलेली आहेत. परंतु युनिकोडची अक्षरे साठविण्याची प्रचलित पद्धत ‘यूटीएफ-८’ ही आहे, जी १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचली. तीत क हे अक्षर २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ च असतो. पश्चिम युरोपच्या जुन्या ‘लॅटिन-१’ संकेतावलीत मात्र २२४ म्हणजे स्वराघात असलेला लहान ए, आणि त्याचे मोठे रूप १९२. त्या लोकेलमध्ये मराठी मजकूर मोठ्या लिपीत नेण्याची आज्ञा चालली, तर प्रत्येक अक्षरातील २२४ चा १९२ होतो. आणि १९२ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कोठेही ग्राह्य नाही. सबंध मजकूर निकामी होतो. उलट दिशेने, म्हणजे लहान लिपीत नेताना, काहीच बिघडत नाही. कारण मराठीचे बाइट तेथील मोठ्या अक्षरांच्या घरात पडत नाहीत.

मोडीची गत याहून विलक्षण होते. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. तिच्या अक्षरास चार बाइट लागतात. पहिले दोन नेहमी २४० व १४५ असतात. वरील आज्ञेने २४० चा २०८ होतो, आणि २०८ व १४५ मिळून रशियन लिपीतील ‘ब’ हे अक्षर सिद्ध होते. उरलेले दोन बाइट अनाथ राहतात. पेशवे दफ्तरातील एखादा कागद उद्या मोडी युनिकोडमध्ये उतरविला आणि अशा आज्ञेच्या तावडीत सापडला, तर त्याच्या प्रत्येक अक्षराच्या जागी तोच एक रशियन वर्ण उभा राहील.

युनिकोडच्या पूर्वीची स्थिती आणखी नाजूक आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेच्या कार्यातून दृढ झालेली ‘इस्की’ संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. तीत आस्कीचा भाग अबाधित ठेवून वरच्या भागात भारतीय लिपी बसविली होती. त्यामुळे केवळ आस्कीपुरते रूपांतर केल्यास मराठीला धक्का लागत नसे. परंतु छपाईसाठी जे फाँट सर्वत्र पसरले त्यांनी असे पथ्य पाळले नाही. त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्याच घरात बसविले. मोठ्या अक्षराच्या घरात एक तुकडा, लहानाच्या घरात दुसरा. अशा मजकुरावर अत्यंत साधे, सर्वथा शुद्ध आस्की रूपांतर केले तरी एका अक्षराच्या जागी भलतेच अक्षर येते.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या पद्धतींतही हाच धोका आहे. अविनाश चोपडे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रचारात आणलेल्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ. येथे सगळी अक्षरे लहान केली, की वाटेची वात होते, मणाचे मन होते आणि बाळाचे बाल होते. दंत्य व मूर्धन्य हा मराठीच्या उच्चारव्यवस्थेतील पायाभूत भेद ज्या एका बिटावर तोलून धरला आहे, तोच बिट ही आज्ञा पुसते. इंग्रजीच्या दृष्टीने जे वेषांतर, ते मराठीच्या दृष्टीने वर्णांतर ठरते. ‘पहिली लिपी’ आणि ‘दुसरी लिपी’ ही खरोखरच दोन लिप्या आहेत, ही शाळकरी समजूत येथे अक्षरशः खरी होते.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. प्रारंभलेखात शक्यतो रूपांतर करू नये, साच्याने ओळखावे. रूपांतर अटळ असेल तर ते यंत्रांची नावे, आज्ञांची उत्तरे अशा आस्की शब्दांपुरतेच करावे, लोकेल ‘सी’ ठेवून करावे आणि दोन्ही वर्णमाला संपूर्ण लिहाव्या. माणसांची नावे, गावांची नावे आणि मराठी मजकूर यांना ही आज्ञा लावू नये. ती लावून साधतेही थोडेच. हिंजवडीचेच पाहा : रोमन अक्षरांत हे नाव कोठे ज नंतर ‘ए’ घालून, कोठे ‘ई’ घालून, तर कोठे व साठी ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’ वापरून लिहितात. मोठे-लहान सारखे केल्याने ही नावे एक होत नाहीत. देवनागरीत मात्र ते गाव एकच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास यातून आणखी एक बोध घेण्याजोगा आहे. १९९० पासूनच्या दीड-दोन दशकांतील पुष्कळ मराठी लेखन जुन्या फाँटांच्या संकेतांत साठविलेले आहे : ग्रंथांच्या मुद्रणप्रती, नियतकालिकांचे अंक, संस्थांची इतिवृत्ते. ताम्रपटावरील अक्षर झिजते तेव्हा झीज डोळ्यांना दिसते. कसरीने खाल्लेले पान हाताला लागते. येथील नाश दिसत नाही, आणि तो शत्रुत्वाने नव्हे तर नीटनेटकेपणाच्या हौसेने होतो. फाइली एकसारख्या कराव्या म्हणून कोणी एक ओळ लिहितो, आणि वाटेच्या जागी वात येऊन बसते. अशा मजकुराचे जतन करताना मूळ प्रत न बदलता ठेवणे, ती कोणत्या फाँटची व कोणत्या संकेताची आहे हे तिच्याबरोबर नोंदविणे, आणि युनिकोडमधील प्रत वेगळी करणे, ही तीन पथ्ये पाळली पाहिजेत. दफ्तरखान्यात मूळ कागद व त्याची नक्कल वेगळी ठेवण्याची शिस्त आपल्या संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. तीच शिस्त बाइटांनाही लागू आहे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.